गोड गळ्याचा चोर

आमच्या घरात पुस्तकं वाचणारं माणूस एकच, आणि नेमकं त्यालाच डोळ्यांनी दिसत नाही. बाकी आम्ही सगळे डोळस. मी, आमची मंडळी, मुलगा, सून, दोन नातवंडं. आम्ही पेपरातलं हवामान वाचतो, औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचतो आणि तेवढ्यावर भागवतो.

वाचणारे ते माझे मेहुणे, मंडळींचे थोरले भाऊ. सगळी गल्ली त्यांना हॅलोदादा म्हणते. बत्तीस वर्षं ते एका मोठ्या दवाखान्याच्या फोनबोर्डावर बसले. पाचव्या वर्षी तापात डोळे गेले, पण कान असे की आवाज एकदा आत गेला की कायमचा मुक्कामाला. आठ वर्षांपूर्वी एकदाच फोन केलेल्या माणसाला ते दुसऱ्या खेपेला म्हणाले होते, "बोला, वडिलांचा मोतीबिंदू बरा झाला का?" त्या माणसाने घाबरून फोनच ठेवला. त्याला वाटलं, दवाखान्याने पाळत ठेवलीय.

निवृत्त झाल्यावर ते आमच्या पुढच्या खोलीत राहायला आले. सामान म्हणाल तर एक ट्रंक, एक खुर्ची आणि ब्रेलची पुस्तकं. ती पुस्तकं मी पहिल्यांदा उचलली तेव्हा माझी कंबर धरली. मी आयुष्यभर लाकडाच्या वखारीत ओंडके मोजलेला माणूस, पण एका कादंबरीचे पाच खंड म्हणजे काही खायचं काम नाही. प्रत्येक खंड पाटाएवढा. कागद जाड, वर उठावाचे ठिपके. मी म्हटलं, "दादा, नायक-नायिकेचं लग्न कितव्या खंडात आहे? तेवढाच आत आणतो." ते म्हणाले, "चौथ्यात. पण पाचव्यात मोडतं, म्हणून तोही आणा भाऊजी."

ब्रेलची पुस्तकं किती असणार? होती तेवढी त्यांनी वाचून वाचून ठिपके सपाट केले. मग दुसऱ्यांच्या तोंडून वाचणं आलं. आणि इथेच सगळी मेख होती. मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस वाचता वाचता काय काय करतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसेल. कंटाळवाणं वर्णन आलं की उडी मारतो. चावट काही आलं की खोकतो. मरण आलं की आवाज असा बारीक करतो की मेला कोण तेच कळत नाही. दादा म्हणायचे, "मला पुस्तक कधी मिळतच नाही हो. मिळतं ते वाचणाऱ्याने चाळून दिलेलं."

मी त्यांना वाचून का दाखवत नव्हतो, असं तुम्ही विचाराल. दोन वेळा दाखवलं. मी शिकलो खेड्यातल्या शाळेत. चार इयत्ता, एक मास्तर, एक छडी. तिथे वाचायचं ते पाढ्यांच्या चालीवर, आणि ती चाल माझ्या जिभेवरून काही केल्या उतरत नाही. दादांनी पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाऊजी, प्रेमपत्र आहे ते. तुम्ही बे दाहे वीसवर आणून ठेवलंत."

तर आता मुद्द्याचं.

दादांच्या शाळेत, म्हणजे अंध मुलांच्या वसतिगृहाच्या शाळेत, एक गुरुजी होते. त्यांना स्वतःला दिसत होतं. त्यांनी म्हातारपणी एक पुस्तक लिहिलं, शाळेच्या आठवणींचं. एका लहानशा छापखान्यात थोड्याच प्रती छापल्या. जन्मभर ज्यांना शिकवलं त्यांच्यातल्या एकालाही ते वाचता येणार नव्हतं, हे गुरुजींच्या लक्षात आलं नसेल असं नाही. पण ब्रेलचा छापखाना त्यांच्याजवळ कुठला? जुन्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात त्यांनी दादांच्या खांद्यावर हात ठेवला, प्रत हातात दिली आणि कानात म्हणाले, "तुझ्यावर एक पान लिहिलंय हं."

दादा घरी आले ते हवेत तरंगतच. आल्या आल्या बहिणीला बसवलं. "चिमणे, वाच." आमची मंडळी आता सत्तरीच्या पुढे आहे, पण भावाला अजून चिमणीच. ती वाचायला लागली. सुरेख वाचते. तीन दिवस वाचलं. चौथ्या दिवशी एका ठिकाणी थांबली, नाक ओढलं आणि म्हणाली, "डोळ्यात काहीतरी गेलं," आणि पुढल्या परिच्छेदापासून सुरू झाली. पुस्तक संपलं आणि त्यांच्यावरचं पान काही आलं नाही.

मग त्यांनी दवाखान्यातल्या एका कारकुनाला धरलं. त्याच जागी तो म्हणाला, "इथे पान चिकटलंय." पुढे गल्लीतल्या शिंप्याला धरलं. शिंपी तिथे म्हणाला, "हितं छपाई पुसट आहे."

"एकाच पानाला तीन आजार!" दादा मला म्हणाले. "भाऊजी, पान कितवं ते बघून ठेवा."

मी पाहिलं. सत्त्याऐंशी. पण नुसता आकडा पाहिला. आत वाचायचं माझ्या मनात आलं नाही, आणि तेवढ्यात मंडळींनी पुस्तक माझ्या हातून घेऊन ट्रंकेत घातलं, गोधड्यांच्या तळाशी. त्या वर्षी गुरुजी वारले. विचारायची वाटही बुजली.

अशी अकरा वर्षं गेली. दादा त्या पानाविषयी बोलत नसत, पण विसरलेही नव्हते. कुणी नवीन माणूस घरी आला, जरा बरा वाचणारा निघाला, की त्यांचा हात ट्रंकेकडे वळायचा. मग मागेच यायचा. मला म्हणाले एकदा, "आणखी एक दयाळू माणूस नको."

मग आला बोलणारा फोन. त्यातली बाई पडद्यावरचं सगळं वाचून दाखवते. दादांनी तिचा वेग इतका वाढवला की आम्हाला नुसतं गिरणीत दाणे पडल्यासारखं ऐकू यायचं, आणि हे मात्र मान डोलवायचे, मध्येच हसायचे. चार महिन्यांत त्यांनी एवढी पुस्तकं ऐकली की माझ्या डोळस जन्मात मी तेवढी पाहिलीही नसतील. मी विचारलं, "दादा, हिचा आवाज कोरडा नाही वाटत?"

"कोरडा आहे म्हणून तर गोड आहे," ते म्हणाले. "तिला माझी कीव येत नाही. चावट आलं तरी खोकत नाही."

आणि मग ते म्हणाले, "भाऊजी, ट्रंक उघडा."

माझ्या मुलाने पुस्तकाच्या पानापानाचे फोटो काढले, एकत्र बांधले आणि फोनवर पाठवले. दादांनी मोठ्या उत्साहाने लावलं. बाई म्हणाली, "पान एक. रिकामं. पान दोन. रिकामं. पान तीन. रिकामं." मुलगा गोंधळला. अक्षर न् अक्षर दिसतंय की! पण त्या बाईला फोटो म्हणजे भिंत. आत अक्षरं आहेत हे तिला कळतच नाही. दादांनी शांतपणे एकशे बारा रिकामी पानं ऐकून घेतली आणि म्हणाले, "गुरुजी एवढे अबोल नव्हते."

शेवटी अंधांसाठी पुस्तकं तयार करणाऱ्या एका ग्रंथालयात मी आणि दादा गेलो. तिथल्या बाई हसतमुख, बोटाला शाई लागलेली, टेबलावर पुस्तकांचा ढीग. त्यांनी समजावून सांगितलं. फोटोतल्या आकारांवरून अक्षरं ओळखणारं यंत्र असतं. ते ओळखतं, पण आपल्या अक्षरांच्या डोक्यावरचं आणि पायाखालचं त्याला नीट दिसत नाही. मात्रा गळतात, वेलांट्या इकडच्या तिकडे होतात, जोडाक्षरं फुटतात. म्हणून कुणीतरी पुस्तक शेजारी ठेवून ओळ न् ओळ जुळवावी लागते.

"जुळवायला माणूस आहे का?" दादांनी विचारलं.

"रांग आहे काका. दीड वर्ष तरी लागेल."

दादांचा चेहरा पडला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी जुळवतो."

दादा म्हणाले, "तुम्ही?"

मी म्हटलं, "दादा, माझं वाचन पाढ्यांचं असेल, पण ऱ्हस्व-दीर्घासाठी मी बोटांच्या पेरांवर जेवढ्या छड्या खाल्ल्या आहेत तेवढ्या या शहरात कुणी खाल्ल्या नसतील."

बाईंनी मला एकच नियम घातला. "आजोबा, सुधारायचं नाही. जुळवायचं. जे छापलंय ते. कमी नाही, जास्त नाही."

मी हो म्हणालो आणि पहिल्याच दहा पानांत गुरुजींचं एक वाक्य सुधारून टाकलं, कारण त्यात 'आणि' तीन वेळा आला होता. बाईंनी ते परत पाठवलं. खाली लिहिलं होतं, "गुरुजींचे आणि गुरुजींना परत करा."

सुनेचा संगणक जेवणाच्या टेबलावर मांडून माझं काम सुरू झालं. सकाळी चहा झाला की बसायचं, शेजारी पुस्तक, हातात भिंग. काय काय नमुने निघाले म्हणून सांगू! 'शाळेची घंटा झाली' याचं यंत्राने 'शाळेचा घटा झाला' केलं होतं. 'मुलं प्रार्थनेला उभी राहिली' याचं 'मुळं प्राथनेला उभी राहली'. मी एकटाच हसत बसायचो. बारा-बारा पानं झाली की बाईंकडे पाठवायची, आणि त्या दादांच्या फोनवर. दादा माझ्या मागेच धावत होते. शहात्तराव्या पानावर मी जरा आजारी पडलो तर दिवसातून चार वेळा तब्येत विचारायचे. मला वाटलं, किती माया! मंडळी म्हणाली, "तुमची नाही विचारत. सत्त्याऐंशीची विचारताहेत."

एका सकाळी ते पान आलं.

ट्रंकेत ओल लागून कागद फुगला होता, शाई पसरली होती. यंत्राने त्या परिच्छेदाचा नुसता गाळ केला होता. अर्धी अक्षरं, टिंबं, कंस. धड अशी एकच ओळ होती, पहिली. ती अशी: 'गोड गळ्याचा एक मुलगा चार होता.'

मी पुन्हा वाचली. एक मुलगा चार कसा असेल? पुस्तकावर भिंग धरलं. कान्याच्या डोक्यावर एक मात्रा होती. झिजलेल्या टाइपाची, माशीच्या पायाएवढी, पण होती. चार नव्हे. चोर.

मी 'ओ'च्या मात्रेवर बोट ठेवणार, तोच मागून आवाज आला.

"राहू द्या."

मंडळी माझ्या खुर्चीमागे उभी होती. हातात ओला टॉवेल. कधी आली कळलंच नाही.

"काय राहू द्या?"

"चार. चारच राहू द्या."

"अगं, पण चार म्हणजे काही अर्थ होतो का? एक मुलगा चार होता!"

"नसू दे अर्थ. दादा म्हणेल यंत्र चुकलं. यंत्र चुकतंच की!" आणि मग तिचा आवाज चिरकला. "अहो, तो लहानपणी गायचा. गोड गळ्याचा म्हणजे तोच. ज्या माणसाला त्याने देव मानलं त्याने त्याला छापून चोर म्हटलंय. मी तो शब्द वाचला आणि पुढचं बघितलंसुद्धा नाही. पुस्तक जाळणार होते, पण दादाचं म्हणून ठेवलं. कारकुनाला आणि शिंप्यालाही मीच आधी सांगून ठेवलं होतं. अकरा वर्षं सांभाळलं मी ते त्याच्या कानापासून. आणि आता तुम्ही एका मात्रेसाठी..."

"बाईंनी सांगितलंय, जे छापलंय ते."

"बाईंना भाऊ आहे का?"

माझं बोट हवेतच राहिलं. खरं सांगतो, मला दोन्ही बाजू पटत होत्या. एका मात्रेने म्हाताऱ्या माणसाचं काय बिघडणार होतं? पण तेवढ्यात मला त्यांचं ते म्हणणं आठवलं, आणखी एक दयाळू माणूस नको. आता आम्ही दोघं मिळून त्या यंत्रालाही दयाळू करायला निघालो होतो.

पुढच्या खोलीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आम्ही विसरलोच होतो की आमच्या घरात कुजबुज हा प्रकार चालत नाही. दादा दाराला धरून उभे होते.

"चिमणे," ते म्हणाले, "मात्रा दे गं."

"दादा, तुला माहीत नाही काय शब्द आहे तो."

"चार अधिक मात्रा. एवढं ब्रेलमध्येही येतं मला." ते येऊन टेबलाशी बसले. "अगं, मी चोर होतोच."

मंडळींच्या हातातला टॉवेल खाली पडला.

"शाळेत पुस्तकांचं एकच कपाट होतं. आठवड्याला एक खंड मिळायचा, तोही वर्गात वाचायचा. मला दम निघायचा नाही. दुपारी सगळी मुलं निजली की मी कपाट उघडून खंड काढायचो आणि पांघरुणात घेऊन वाचायचो. आम्हाला दिवा लागत नाही, हा आमचा एक फायदा आहे. कधी परत ठेवायचो, कधी राहून जायचा. शाळा सोडताना एक माझ्या ट्रंकेत निघाला. कुणाला कधी कळलं नाही, असं मला वाटत होतं." त्यांनी टेबलावरून हात फिरवत पुस्तक शोधलं आणि त्यावर तळवा ठेवला. "मला एवढंच हवंय. गुरुजींना कळलं होतं का? आणि कळलं असेल तर त्यांना काय वाटलं? चोर म्हटलंय ते ठीक. पण कोणत्या सुरात म्हटलंय, ते मला त्यांच्याच शब्दांत पाहिजे. तुमच्या नको."

मंडळी खाली वाकली, टॉवेल उचलला आणि आत गेली. मी मात्रा दिली.

तो एक परिच्छेद जुळवायला मला दोन दिवस लागले. अक्षर ओळखायचं, शेजारच्या अक्षराला विचारायचं, पुढे जायचं. पुढचा मजकूर जसजसा उघडत गेला तसतसा मी काय काय झालो ते सांगत नाही. मंडळींनी दोनदा आतून विचारलं, "फार वाईट आहे का?" मी म्हटलं, "आधी दादा." ती माझ्याशी बोलेनाशी झाली. चहा मात्र येत होता, जरा आपटून ठेवलेला.

तिसऱ्या दिवशी बाईंकडून पानं आली. दादांनी फोन टेबलावर ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा फोनमधल्या बाईचा वेग कमी केला. इतका कमी, की आम्हालाही शब्द कळू लागले. मंडळी दाराआड उभी होती. पदराचं टोक दिसत होतं.

बाई वाचू लागली.

'गोड गळ्याचा एक मुलगा चोर होता. दुपारी सगळे निजले की हा कपाट उघडी आणि खंड सदऱ्याखाली घालून पांघरुणात शिरे. वरून पाहावं तर मूल निजलेलं, आणि आत बोटं चालू. कपाटाची किल्ली मी खिडकीतल्या कुंडीखाली ठेवीत असे. ती तिथे ठेवू नये एवढी अक्कल मलाही होती. तपासणीला साहेब आले. खंड मोजले, कमी भरले. मी म्हटलं, उंदीर. साहेब म्हणाले, तुमचे उंदीर गोष्टीचीच पुस्तकं खातात, गणिताची तशीच? मी म्हटलं, आमच्याकडचे उंदीर चोखंदळ आहेत. मला वाटे, हा कधीतरी येऊन सांगेल. आला नाही. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर कपाटाची किल्ली खिशात ठेवावी लागली असती.'

दादांनी ते पुन्हा लावलं. मग पुन्हा. तिसऱ्यांदा 'उंदीर' आल्यावर त्यांच्या पोटातून हसू आलं. काळा चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले.

"कुंडीखाली," ते म्हणाले. "अहो, मी तेव्हा म्हणायचो, काय वेंधळा माणूस आहे! किल्ली कुठे ठेवावी कळत नाही." मग म्हणाले, "बत्तीस वर्षं दुसऱ्यांचे फोन जोडले मी. गुरुजींचा नंबर पाठ होता. एक फोन करून सांगितलं असतं तर चाललं असतं, गुरुजी, तो मी."

मंडळी आत आली, भावाच्या शेजारी बसली आणि त्यांच्या हातावर चापट मारली. "मग केला का नाहीस, गाढवा?"

"भीती वाटली गं."

"आणि मी त्या देवमाणसाला अकरा वर्षं शिव्या घातल्या. रोज. गोधड्या काढताना एक, ठेवताना एक."

इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण दादा स्वस्थ बसणारे नव्हेत. त्यांनी पुस्तक पुरं होईपर्यंत दम धरला, आणि झाल्याबरोबर बाईंना सांगून जुन्या वर्गातल्या सगळ्यांच्या फोनवर पाठवलं. हयात होते ते तिघे. एक बाजाच्या पेट्या दुरुस्त करणारे, एक वेताच्या खुर्च्या विणणारे, आणि एक ज्यांना सगळे वकील म्हणतात, वकिली केली म्हणून नव्हे, वाद घालतात म्हणून. सोबत दादांनी निरोप बोलून पाठवला: 'पान सत्त्याऐंशी ऐका. तो मी.' त्यात कबुलीपेक्षा अभिमानच जास्त होता.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला पहिला फोन आला. पेटीवाले. दादांनी आवाज मोठा केला.

"काय रे, लाज नाही वाटत?" पेटीवाले ओरडत होते. "तो तू कसा? तो मी!"

"तू?"

"मी! कुंडीखालची किल्ली मीच काढायचो. मला गुरुजींनी स्वतः सांगितलं होतं, तुझ्यावर एक पान लिहिलंय म्हणून!"

दादा सावकाश म्हणाले, "मलाही तेच सांगितलं होतं."

एवढ्यात दुसरा फोन वाजायला लागला. खुर्चीवाले. दादांनी जन्मभराच्या सवयीने तो याच्यातच जोडून घेतला. खुर्चीवाले रडतच होते. "अरे, गुरुजींना माहीत होतं रे माझं. माझ्याकडे अजून दोन खंड आहेत." मग वकीलही आले लाइनीवर, आणि त्यांनी सरळ खटलाच उभा केला.

"मुद्दा एक. पानात लिहिलंय गोड गळ्याचा. आता पेटीवाल्या, तुझा गळा म्हणजे गंजलेली बिजागरी. हॅलो, तुझा बरा होता, पण तेराव्या वर्षी फुटला. राहता राहिलो मी."

"तू? तुला प्रार्थनेत नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं!"

"ते ईर्ष्येने!"

"एक एक बोला," दादा फोनबोर्डावरच्या आवाजात म्हणाले. "लाइन एकच आहे. मला सांगा, कपाटाच्या दाराचा आवाज यायचा. तो येऊ नये म्हणून काय करायचं?"

तिघेही एका दमात म्हणाले, "वर उचलून ओढायचं."

दादा मागे टेकले. त्यांचा चेहरा मोठा मजेदार झाला होता. हसू की फुगू ते ठरत नव्हतं. पन्नास-साठ वर्षं आपल्या एकट्याचं म्हणून जपलेलं पाप, अकरा वर्षं वाट पाहून मिळवलेलं पान, आणि त्यात आता चार जणांनी पाय पसरलेले. "म्हणजे उंदीर चार होते," ते पुटपुटले. "आणि मला पांघरुणात वाटायचं, एवढ्या मोठ्या खोलीत जागा मी एकटाच."

"चार-बिर काही नाही," वकील गरजले. "लिहिलंय एक मुलगा. एक! तू हे सोड, हॅलो. तू इतका सरळ होतास की तुझ्यावर गुरुजी एक ओळसुद्धा लिहिणार नाहीत. तू आणि चोर? छे!"

मंडळी एवढा वेळ चहाचे कप विसळत ऐकत होती. नळ बंद झाला. पदराला हात पुसत ती बाहेर आली. तिचा चेहरा पाहून मी माझी खुर्ची जरा बाजूला घेतली.

"द्या तो फोन इकडे," ती म्हणाली आणि दादांच्या पुढ्यातून तो उचललाच. "हॅलो? कोण वकीलभाऊ का? मी ह्याची बहीण बोलतेय. नीट ऐकून घ्या. माझ्या भावाच्या ट्रंकेत शाळेचा खंड आहे, मी आज सकाळी स्वतः काढून पाहिलाय, त्यावर शाळेचा शिक्का आहे. तुमच्याकडे आहे शिक्का? नाही ना? मग! चोर माझाच भाऊ आहे!"

पलीकडे तिघेही एकदम बोलू लागले. दादा हात पुढे करून म्हणत होते, "चिमणे, मला बोलू दे, चिमणे," आणि ती त्यांचा हात बाजूला सारून म्हणत होती, "तू थांब रे. तुला भांडता येत नाही."